वाचकांचे प्रश्न : इंडस्ट्रियल रॉकमधली गिटार

प्रश्न : इंडस्ट्रियल रॉक म्हणजे मेटलमध्ये कीबोर्ड घालणं, एवढंच ना?

उत्तर : नाही. मेटलमध्ये कीबोर्ड बहुधा गिटारच्या मागे उभा असतो. इथे सिंथ (सिंथेसायझर), सॅम्पलर (ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारं यंत्र) आणि ड्रम मशीन हा गाण्याचा सांगाडा असतो, गिटार त्यावर चढते. नाव आलं ते थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश गटाने १९७६ मध्ये सुरू केलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या लेबलवरून. जड गिटारचा थर नंतरचा : ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शिकागोचा मिनिस्ट्री, मग नाइन इंच नेल्सचा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ (१९९४). त्या काळात या गटाचे प्रमुख ट्रेंट रेझनर गिटारसाठी झूम ९०३० हा डिजिटल प्रोसेसर वापरत.

प्रश्न : दोन गिटार, सिंथचा बेस आणि पॅड (मागे रेंगाळणारे लांब स्वर) एकत्र वाजले की सगळ्याचा गोळा होतो. गिटारचा आवाज वाढवला तरी ती उठत नाही.

उत्तर : वाढवू नका, कमी करा. आधी कॉर्ड तपासा. दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) गेले की त्यांच्या कंप्रतांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे स्वर जन्मतात. षड्ज-पंचमाचं गुणोत्तर जवळपास ३:२ असल्याने वजाबाकीतून खालच्या सप्तकातला षड्जच मिळतो, म्हणून पॉवर कॉर्ड (फक्त षड्ज-पंचमाची कॉर्ड) भरदार लागते. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र शुद्ध गुणोत्तरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. त्यातून निघणारे स्वर मूळ कॉर्डशी जुळत नाहीत आणि खरखर, घरघर सुरू होते. तेव्हा गिटारवर फक्त षड्ज-पंचम ठेवा. गंधार सिंथच्या पॅडला द्या, आणि तो पॅड गिटारच्या डिस्टॉर्शनमधून जाऊ देऊ नका.

मग तळ. ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये (खालची तार एक पूर्ण स्वर उतरवून) गिटारची खालची तार ७३.४ हर्ट्झवर बोलते, सिंथचा बेस त्याखाली ३६.७ वर. तळ सिंथचा, हे एकदा ठरवून टाका. दोन्ही गिटारवर १००-१२० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) लावा. एकटी ऐकली तर गिटार पातळ वाटेल. म्हणूनच सोलोचं (एकच ट्रॅक ऐकवणारं) बटण न दाबता सगळं एकत्र वाजत असताना ठरवा. पॅडमधून ३०० ते ५०० हर्ट्झचा भाग तीनेक डेसिबल उतरवा.

दोन गिटार म्हणजे तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक (एकदा केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी केला तर दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच सिग्नल जातो आणि आवाज मधोमधच राहतो. थर वाढले की गेनही (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढत गेल्यासारखा वाटतो, म्हणून प्रत्येक टेकवर गेन नेहमीपेक्षा कमी ठेवा. हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकते.

प्रश्न : ॲम्प नाही. गिटार थेट इंटरफेसला (कंप्युटरला जोडणाऱ्या ऑडिओ यंत्राला) लावली की डिस्टॉर्शन डब्यात कोंडलेल्या माशीसारखं येतं.

उत्तर : गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच काही गाळतो. थेट जोडणीत ती गाळणी नसते. कॅबिनेट सिम्युलेशन (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल) लावा, किंवा या शैलीला शोभणारा कोरडा, यांत्रिक आवाज हवा असेल तर ते टाळून डिस्टॉर्शननंतर ६ ते ८ किलोहर्ट्झचा लो-पास (त्यावरचा आवाज गाळणारा फिल्टर) लावा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. सिंथच्या सॉ-वेव्हशेजारी (करवतीसारख्या धारदार आवाजाशेजारी) तो शोभतो. त्याआधी इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंट बटण दाबलंय का पाहा. पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) पिकअपला १ मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, लाइन इनपुटवर वरच्या कंप्रता मरतात.

प्रश्न : रिफमधले थांबे ड्रम मशीनइतके कापल्यासारखे येत नाहीत. मध्ये गुणगुण राहते.

उत्तर : डिस्टॉर्शन सिग्नलला इतकं दाबतं की वाजणारा स्वर आणि गुणगुण यांच्या पातळीत फारसा फरक उरत नाही. त्यामुळे डिस्टॉर्शननंतरच्या नॉइज गेटला (पातळी खाली गेली की आवाज बंद करणाऱ्या यंत्रणेला) कुठे बंद व्हायचं ते कळत नाही. गेट तिथेच ठेवा, पण त्याच्या साइडचेनला (गेटने कोणता सिग्नल ऐकून उघडायचं-मिटायचं ते ठरवणाऱ्या इनपुटला) डिस्टॉर्शनआधीचा स्वच्छ सिग्नल द्या. अटॅक (गेट उघडायचा वेळ) १ मिलिसेकंद, होल्ड (उघडं राहायचा) २०-३०, रिलीज (मिटायचा) ५० पासून सुरुवात. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळांश मात्रा, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १२५ मिलिसेकंदांची असते. होल्ड आणि रिलीज मिळून त्याच्या आत राहिले पाहिजेत. रिलीज फारच आखूड केला तर स्वराच्या शेवटी टिकटिक ऐकू येते. डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) गेटनंतर लावा, नाहीतर त्यांच्या शेपट्याही कापल्या जातील. गुणगुण तरीही मोठी असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा.