पगार पंधरा, भाडं सात : चुकतंय कुठे?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही चाकणला राहतो, दोन मुलं आहेत. मिस्टर कंपनीत आहेत, दोनेकशे कामगार असतील तिथे. पगार सगळं मिळून १५,०००, त्यात बेसिक आणि विशेष भत्ता १३,०००. वन आरकेचं भाडं ६,५०० आणि लाइट-पाण्याचे ७०० वेगळे. किराणा, भाजी, दूध, कपडे ८,००० च्या खाली येतच नाही, मग शाळेसाठी उधारी. मिस्टर म्हणतात तुला घर चालवता येत नाही. खरंच माझं चुकतंय का? आणि किती पगार असला म्हणजे हे भाडं झेपेल?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, हे आधी सांगते. ७,२०० आणि ८,००० म्हणजे १५,२०० झाले, पगार तिथेच संपला, अजून शाळा, औषध, गावाला जायची एसटी काहीच धरलेलं नाही, यात कोणीही घर चालवून दाखवू शकत नाही.

साधारण नियम असा की घराचा खर्च कमाईच्या ३० टक्क्यांच्या आत असावा. अमेरिकेत सरकारी घरातल्या भाडेकरूंसाठी १९८१ मध्ये हा आकडा ठरला, आधी तो २५ होता, आणि आता तोच बऱ्याच ठिकाणी वापरतात. तुमचा जातोय ४८ टक्के. ७,२०० हे ३० टक्के व्हायचे तर पगार २४,००० पाहिजे. २६ दिवस आठ तासांची ड्युटी धरली तर तासाला साधारण ११५ रुपये, आत्ता ७२ पडतात. वरचे ९,००० ओव्हरटाइमने काढायचे म्हटले तर डबल रेटनेसुद्धा महिन्याला ६२ तास होतात, म्हणजे रोज जवळजवळ अडीच तास जास्त, आणि माणूस घरी यायचा कधी, झोपायचा कधी?

मला खरा राग येतो तो किमान वेतनाच्या हिशोबाचा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार संघटनांच्या बैठकीने, अन्न, वर्षाला ७२ वार कापड, इंधन वगैरे धरून हा हिशोब मांडला, पण भाडं धरलं ते सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या लहानात लहान जागेचं. नंतर २०२० च्या केंद्राच्या मसुदा नियमांत भाडं म्हणजे अन्न-कपड्याच्या खर्चाचे १० टक्के असं लिहिलं. तुमच्या हिशोबाने ते ८०० रुपये झाले! ८०० मध्ये तुमच्याकडे नुसतं लाइट-पाणी भागतं. हिशोबच असा धरला की पुढचं सगळं घरातल्या बाईच्या अंगावर येतं.

एक काम मात्र लगेच करा. महाराष्ट्रात १९८३ चा किमान घरभाडे भत्त्याचा कायदा आहे, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वेतनाच्या ५ टक्के भत्ता द्यावाच लागतो. तुमच्या बेसिक आणि विशेष भत्त्याच्या १३,००० वर ६५० रुपये, भाड्याचा दहावा हिस्सा, पण महिन्याच्या दुधाचा बराचसा खर्च निघेल की. पगारचिठ्ठीत घरभाडे भत्त्याची ओळ आहे का बघा. नसेल तर कंपनीत लेखी विचारायला सांगा, उत्तर नाही आलं तर चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जायचं, पण मिस्टरांना एकट्याला पाठवू नका, लाइनवरचे चार-पाच जण सोबत असू देत.