अकरावीच्या मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक पहिल्याच प्रॅक्टिकलला कसा शिकवावा? (सोलापूर, मुलं साठ, मायक्रोस्कोप चार)

मायक्रोस्कोप कपाटातच राहू द्या. पहिल्याच दिवशी कांद्याची साल दाखवली की मुलं पुस्तकातली आकृती उतरवतात आणि तिलाच निरीक्षण म्हणतात. काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा केंद्रक म्हणून रंगवलेला असतो.

त्याऐवजी रुई घ्या. सोलापुरात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर ती मिळते. थंडीत तिच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूला मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसतो: पिवळाधमक, पाय काळे, मागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या. बहुतेक वेळा सोबत मुंग्या असतात. पाच-पाच जणांचे गट करा, गटाला 10 पट भिंग एक, शेंडा एक, वेळ 15 मिनिटं. शेंडा तोडू देऊ नका. तोडला की चीक वाहतो, मुंग्या पांगतात आणि पाहायचं तेच निघून जातं.

वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं, आकड्यासह. ‘म्हणून’, ‘मुळे’, ‘साठी’ हे शब्द त्या पानावर बंद. तरी पाच मिनिटांत कुणीतरी लिहितंच: ‘मुंग्या मावा खायला आल्या आहेत.’ ते वाक्य उजव्या, म्हणजे अनुमानाच्या, पानावर न्यायला सांगा आणि विचारा, मुंगीच्या तोंडात मावा दिसला का? मग भिंग पुन्हा डोळ्याला लागतं. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते, थोड्या वेळाने माव्याच्या मागच्या टोकाला थेंब येतो, मुंगी तो पिते, मावा जागचा हलतही नाही. आता थेंब नळ्यांतून आला असं लिहिलं जातं. एकेकाळी अभ्यासकांचाही तोच समज होता. प्रत्यक्षात थेंब गुदद्वारातून येतो. नळ्यांतला द्रव वेगळा, शत्रूने धरल्यावर सुटणारा. हे आधी सांगून टाकू नका, पुन्हा पाहायला लावा.

मंगळवेढ्याकडची मुलं वर्गात असतील तर ज्वारीचा चिकटा काढाच. ढगाळ हवा आली की चिकटा पडतो, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. पानावरचा चकचकीत थर हे निरीक्षण, तो वरून हवेतून पडला हे अनुमान. मावा कुठे आणि थर कुठे, एवढंच विचारा. मावा पानाच्या खालच्या अंगाला असतो आणि थर त्याच्या खालच्या पानाच्या वरच्या अंगाला. ढगाळ हवेत मावा वाढतो, म्हणजे घरचं निरीक्षण खरंच आहे, मधला दुवा, म्हणजे माव्याचे थेंब, तेवढा सुटलेला आहे.

मुंग्या माव्याची राखण करतात, असं अनुमान कुणी मांडलं तर ते तपासायला द्या. एकाच झुडपाचे सारखे दोन शेंडे निवडा. एकाच्या देठाला कागदी टेप गुंडाळून वर व्हॅसलिनचा 1 सेंमी रुंद पट्टा लावा आणि वर राहिलेल्या मुंग्या ब्रशने झाडून टाका. दुसऱ्याला नुसती टेप. पाच दिवस रोज एकाच वेळी मावा, मुंग्या आणि मावा खाणारे ढालकिडे मोजा. हे फसतं ते दोन कारणांनी. शेजारचं पान टेकलेलं असतं, त्यावरून मुंग्या चढतात. आणि सोलापूरची धूळ व्हॅसलिनवर बसली की तिच्यावरून त्या आरामात चालतात, तेव्हा पट्टा रोज सकाळी नवा लावा.

आता छापील जर्नल. त्यात निष्कर्षाची ओळ आधीच छापलेली असते आणि ‘जर्नल पूर्ण व्हायला हवं’ म्हणून मुलं ती भरतात. स्टाफरूममध्ये मला नेहमी ऐकवलं जातं की परीक्षेला हेच लागतं. परीक्षेला लागतं हे मान्य, पण न पाहिलेल्याचा निष्कर्ष लिहायची सवय पुढे एमएस्सीपर्यंत सुटत नाही. ती ओळ खोडा, खाली मुलाची ओळ आणि समोर ‘कशावरून?’ लिहून घ्या. तपासणाऱ्याने विचारलं तर वही आणि जर्नल दोन्ही दाखवा.

एक राहिलं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. हात साबणाने धुतल्याशिवाय कुणाला डोळे चोळू देऊ नका. दोन शेंड्यांवरून काही सिद्ध होत नाही, सगळ्या गटांचे आकडे एकत्र मांडा. आणि वर्ग पावसाळ्यात सुरू होत असेल तर मावा मिळेलच असं नाही. तेव्हा रुईवरची पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी घ्या. पान खाण्याआधी ती शीर कुरतडते का, एवढंच पाहायला सांगा.