गाडी थांबली की एसी गरम, पळाली की गार: गॅस भरावा का?

तुम्ही विचारलंय की पर्वरीच्या गर्दीत गाडी अडकली की एसीतून गरम हवा येते आणि घरी परतताना कोलवाळकडे जरा वेग मिळाला की पुन्हा कूलिंग सुरू होतं. गॅरेजवाला गॅस भरू म्हणतो, तर भरावा का?

इतक्यात भरू नका. मी फोंड्यात गाड्यांच्या एसीचंच काम करतो. असं लक्षण ऐकलं की मी सगळ्यात आधी पुढचा फॅन बघतो. रेडिएटरच्या पुढची जाळी म्हणजे कंडेन्सर, आतली उष्णता तिथून बाहेर पडते. गाडी पळताना तिला आपसूक वारा लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. फॅन फिरला नाही तर गॅसचं प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद करतो.

हे घरीच तपासता येतं. हँडब्रेक ओढा, इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. थोड्या वेळात फॅन सुरू व्हायला हवा. हात किंवा ओढणी जवळ नेऊ नका, तो अचानक फिरतो. नाहीच फिरला तर इंजिन बंद करून आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच) बघा. अगदी तसाच दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून कळतं. तेही ठीक असेल तर मोटर किंवा वायरिंग. बऱ्याच गाड्यांत हाच फॅन इंजिनही थंड ठेवतो, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. काटा चढू लागला की एसी बंद करा.

फॅन चालत असेल तर जाळीवर पाण्याची हलकी फवारणी करा. गारवा लगेच परतला तर जाळी चोंदलीय असं समजा. आपल्या गोव्यात हे फार होतं. खारी हवा जाळीतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या खाते, वर तांबडी माती बसते. मोरजी-हरमलकडच्या जुन्या गाडीचा कंडेन्सर काढला की खालच्या पात्या नुसता अंगठा लावला तरी पिठासारख्या झडतात. असा कंडेन्सर बदलावाच लागतो. नुसता मळलेला असेल तर इंजिन थंड झाल्यावर साध्या पाइपने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या आडव्या होतात. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीतला पालापाचोळाही काढायला सांगा.

आता गॅस. तो वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, म्हणून गळतीपाशी बहुतेकदा तेलकट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ सापडते. शिवाय गरज नसताना भरलात तर प्रेशर आणखी चढेल आणि तुमचा त्रास वाढेल. खरंच भरायची वेळ आली तर आधी नायट्रोजन मारून गळती शोधायला लावा. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. तो टाळू देऊ नका, दमट हवेतली ओल आत राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस जिथल्या बारीक वाटेतून सुटून गार होतो तिथे, बर्फ धरतो. त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस, वजन करून. ‘थोडा मारून बघू’ म्हणणाऱ्याला सरळ नको म्हणा.

फॅन फिरतो का ते बघून गाडीचं मॉडेल आणि साल इथे लिहा, पुढचं सांगतो.