बंदरपोच डॉलर की जागेवर रोख?

फलटणजवळ कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: दिवंगत वडिलांची 1967 ची महिंद्रा एफसी-150 पिकअप आहे, फोर-व्हील ड्राइव्ह. अमेरिकेतला एक शौकीन त्याच्या बंदरात पोचवून द्या, 24,000 डॉलर देतो म्हणतो. पुण्यातला एकजण 12 लाखांना जागेवरून उचलायला तयार आहे. मुलीच्या इंजिनीअरिंगची फी जुलैत भरायची आहे. कुणाला द्यावी?

डॉलरचे रुपये केले की वीस लाखांच्या वर जातात, म्हणून मन तिकडे ओढ घेणारच. ही अमेरिकेच्या विलीज जीपची भावकी. तिकडे बनायची थांबली तेव्हा इथे बनू लागली, त्यामुळे तिकडच्या जीपवेड्यांना तिचं अप्रूप असतं.

पण पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की वडिलांनी तिला डिझेल इंजिन बसवलं होतं. खरी मेख तिथेच आहे. 25 वर्षांवरच्या गाडीला अमेरिकेत सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते, 21 वर्षांवरच्या गाडीला प्रदूषणाच्या नियमांतून. मात्र ही दुसरी सूट गाडी मूळ रूपात असेल तरच सरळ मिळते. बदललेल्या इंजिनाची गाडी तिकडे बंदरात अडकली, तर रोजचं भाडं कोण भरणार?

दुसरं म्हणजे आयात शुल्क. साध्या मोटारीचा तिथला मूळ दर 2.5 टक्के, पिकअपचा 25. कारण ऐकून हसाल: युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याचा हा 1964 पासूनचा सूड. हे शुल्क तुमच्या गळ्यात पडलं तर 24,000 मधले 6,000 डॉलर तिथेच गेले. न्हावाशेवापर्यंतची वाहतूक, एजंट, कंटेनर आणि विमा वेगळेच.

माझं मत स्पष्ट आहे. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला कळवा: इंजिन बदललेलं आहे, गाडी फलटणला उभी आहे, पूर्ण पैसे बँकेत जमा झाल्यावर हलेल, पुढचं सगळं तुमचं. या अटींवर त्याने 15 लाखांइतकेच दिले तरी त्याला द्या. तो कां-कूं करू लागला तर पुण्याचा सौदा करा. फी काही त्याच्या जहाजासाठी थांबणार नाही.

आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म 31 भरून आधी वारसाच्या नावावर करा, बहीणही वारस, म्हणून तिची लेखी संमती घेऊन. हे काम आजच सुरू करा. गिऱ्हाईक कुणीही असो, ते टळणार नाही.

कराचं म्हणाल, तर घरच्या वापराची गाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. तुमच्या कृषी सेवा केंद्राच्या हिशोबात तिच्यावर घसारा घेतला असेल, तर मात्र लागू शकतो. जुन्या वह्या घेऊन सीएकडे जा.

आणि ते मूळ पेट्रोल इंजिन गोठ्यामागे कुठे पडलेलं सापडलं, तर गाडीबरोबर फुकट देऊ नका. त्याचे पैसे वेगळे मागा.