वाचक विचारतात : जपानच्या शहरांत जेवावे कसे, फिरावे कसे?

जपानच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या वाचकांची ठाण्यातून आणि नवी मुंबईतून आलेली तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. तिन्ही पत्रांचा रोख जेवणावर आहे. पहिल्या पत्रातली अडचण अनेक घरांची असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघे दहा दिवसांसाठी जपानला जाणार आहोत. टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि फुकुओका अशी पाच शहरे मनात आहेत. आम्ही दोघे आणि मुलगा मासे खातो. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सहल कंपन्या रोज रात्री भारतीय जेवण देतात, पण आम्हाला तिथले जेवण जेवायचे आहे. सासूबाईंची उपासमार न होता हे जमेल का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : जमेल. मात्र त्यासाठी दाशी हा एक शब्द विमानात बसण्यापूर्वीच नीट समजून घ्यावा लागेल. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी. कोंबू नावाचे समुद्रशेवाळ पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवतात, उकळी फुटण्याआधी ते काढून घेतात आणि मग त्यात कात्सुओबुशी, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून काढलेला कीस, घालून ते पाणी गाळून घेतात. आपल्याकडे वांग्यात सोडे घातले की ते डोळ्यांना दिसतात. दाशीतला मासा मात्र गाळून काढलेला असल्यामुळे वाटीत त्याचा मागमूस राहत नाही. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाचे सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, मंद शिजवलेल्या भाज्या, तेंपुरा या पिठात बुडवून तळलेल्या पदार्थाबरोबर येणारी पातळ चटणी, या सगळ्यांत बहुधा तीच दाशी असते. ‘यात मासे आहेत का?’ असे विचारल्यावर वाढणारी व्यक्ती ‘नाहीत’ म्हणते ती खोटे बोलत नाही, कारण तिच्या लेखी मासा म्हणजे माशाची तुकडी.

म्हणून प्रश्नच वेगळ्या पद्धतीने विचारावा. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, हे वाक्य जपानी लिपीत एका कार्डावर लिहून घ्यावे आणि जेवण मागवण्यापूर्वी दाखवावे. अंड्याचा उल्लेख त्यातच करावा. नुसत्या कोंबूची किंवा वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशीही असते आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. ही चव आपल्याला अगदीच परकी नाही : टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबूच्याच पाण्यातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा केला आणि पुढच्या वर्षी तो अजिनोमोटो या नावाने बाजारात आला.

सासूबाईंसाठी माझा आग्रह क्योतोचा आहे, आणि तेथे चार रात्री राहावे असे मी सुचवेन. बौद्ध मठांच्या परंपरेतील शोजिन र्योरी हे जेवण मांस, मासे आणि अंडी वर्ज्य करतेच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही टाळते. चातुर्मास पाळणाऱ्या घरातील माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. काही देवळांच्या आवारात ते दुपारी मिळते, मात्र बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी करावी लागते. तिळाचे गोमादोफू, गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेले नामाफू आणि सोयाच्या दुधावरची साय काढून केलेला युबा हे पदार्थ त्यात भेटतात. नान्झेनजी देवळाच्या परिसरात युदोफू, म्हणजे कोंबूच्या गरम पाण्यातले टोफू (सोयाचे पनीर), देणारी जुनी भोजनगृहे आहेत. तेथे टोफू शाकाहारी असले तरी सोबतची चटणी दाशीची असू शकते, म्हणून साधा सोया सॉस मागून घ्यावा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोतील मॅपलची पाने लाल होतात. गर्दीही तेव्हाच होते, त्यामुळे फुशिमी इनारीच्या तोरी या कमानींच्या रांगेतून सकाळी सातच्या आत चढून यावे. ते देवस्थान दिवसरात्र उघडे असते.

तीन ठिकाणी फसगत होते, ती सांगून ठेवतो. तेंपुराच्या पिठात सहसा अंडे असते आणि तेल बहुधा कोळंबी तळलेलेच असते. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी दिसायला निरुपद्रवी असली तरी ती पिशवी बऱ्याचदा दाशीत मुरवलेली असते. आणि करी राइस हा शब्द पाहून आपल्याला घरच्यासारखे वाटते, पण तयार करीच्या मसाल्यात अनेकदा प्राण्यांची चरबी असते. करीचा विषय निघालाच आहे म्हणून : क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना १९१५ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातील नाकामुराया या पावाच्या दुकानाच्या मालकांनी लपवून ठेवले, पुढे ते त्या घरचे जावई झाले, आणि १९२७ पासून तेथे त्यांच्या आग्रहाने भारतीय धाटणीची करी मिळू लागली. ती कोंबडीची आहे, त्यामुळे सासूबाईंनी नव्हे, पण आपण तिघांनी जरूर खावी.

सोबत मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि कोरडी चटणी न्यावी. जपानी भात चिकट आणि गोडसर असतो. बहुतेक भोजनगृहांत तो वाटीभर वेगळा मिळतो आणि त्यावर मेतकूट फार चांगले लागते. ताज्या भाज्या, फळे आणि मांसाचे पदार्थ मात्र सामानात ठेवू नयेत, ते विमानतळावर अडवले जातात.

आता शहरांविषयी. दहा दिवसांत पाच शहरे केली तर स्थानके पाहून व्हायची आणि जेवण गाडीत उरकायचे. फुकुओका या खेपेला सोडावे. त्या शहराची ख्याती डुकराच्या हाडांच्या रश्श्यातील रामेन या शेवयांवर आणि याताई या रात्रीच्या छोट्या गाड्यांवर आहे. तेथे सासूबाईंना खाण्याजोगे फार थोडे असेल आणि बाकांवर दाटीवाटीने बसावे लागेल. हिरोशिमाचे शांतिस्मारक पाहायलाच हवे असे वाटत असेल तर क्योतोहून एक दिवस काढता येतो, शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या रेल्वे पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली; टोकियो-क्योतो हा एकेरी प्रवास सुमारे १४,००० येनमध्ये होतो, त्यामुळे तीन शहरांसाठी पास घेणे आता परवडत नाही. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवण्याची सोय तेथे सर्वत्र आहे. सासूबाई सोबत असताना ती घ्यावीच.

मासे खाणाऱ्या तिघांसाठी एक काम सुचवतो : टोकियोत पोहोचल्यावर एक वाटी साधे उदोन खावे आणि आठवड्याने ओसाकात तेच पुन्हा खावे. टोकियोचा रस्सा सोया सॉसने काळसर आणि कात्सुओचा उग्र, तर ओसाकाचा फिका, पारदर्शक, कोंबूचा. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा कोंबू एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानच्या समुद्रातून फिरणाऱ्या व्यापारी गलबतांनी ओसाकापर्यंत येई, आणि त्या व्यापाराची चव त्या शहराने आजही सोडलेली नाही.

प्रश्न : माझे बालपण मासळीच्या पाट्यांमध्ये गेले. टोकियोच्या त्सुकिजी बाजारातील टूनाचा लिलाव पाहण्याची फार इच्छा आहे. तो अजून पाहता येतो का, आणि कच्चा मासा न आवडल्यास काय खावे? (एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

उत्तर : लिलाव पाहता येतो, पण त्सुकिजीला नाही. १९३५ मध्ये सुरू झालेला तेथील घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसू येथे हलवला गेला. नवा बाजार बंदिस्त, थंड आणि कमालीचा स्वच्छ आहे. जवळच्या सज्जातून लिलाव पाहण्यासाठी आधी अर्ज करून सोडतीत नाव निघावे लागते. नाव न निघाल्यास वरच्या मजल्यावरून काचेआडून पाहता येते. पहाटे साडेपाचच्या सुमारास पोहोचावे लागते. त्सुकिजीचा बाहेरचा किरकोळ बाजार जुन्याच जागी आहे. तोयोसूहून निघून सकाळी आठपर्यंत तेथे यावे. रविवारी आणि काही बुधवारी बरीच दुकाने बंद असतात.

आपल्याला कोळीवाड्याची पार्श्वभूमी असल्यामुळे एक गोष्ट विशेष आवडेल. सुशी म्हणजे नुसता ताजा कच्चा मासा हा समज अपुरा आहे. जुन्या टोकियोची सुशी मीठ, व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये मासा मुरवण्याच्या कसबावर उभी आहे. क्योतो समुद्रापासून दूर, म्हणून वाकासाच्या किनाऱ्यावर पकडलेला साबा, म्हणजे आपला बांगडाच म्हणा, मीठ लावून डोंगरवाटेने खांद्यावरून ७० ते ८० किलोमीटर चालत शहरात आणत. वाट सरेपर्यंत मीठ अंगात मुरलेले असे. त्या वाटेला साबा काइदो, बांगड्याची वाट, असेच नाव पडले, आणि त्या मुरलेल्या माशाची दाबून केलेली साबाझुशी हा क्योतोचा सणाचा पदार्थ झाला. खारवलेली मासळी डोक्यावर घेऊन घाट चढणाऱ्या बायकांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांनी ती शांतपणे बसून खावी.

कच्चे नकोच असेल तर दुपारी तेइशोकू, म्हणजे भात, सूप, लोणचे आणि भाजलेला मासा यांचे ताट, मागवावे. साबा शिओयाकी हा मीठ लावून भाजलेला साबा बहुतेक साध्या खाणावळीत मिळतो. उनागी, म्हणजे वामेसारखा गोड्या पाण्यातला मासा, दोन्हीकडे खाऊन पाहावा : टोकियोकडे तो पाठीकडून चिरतात आणि भाजताना मध्ये वाफवतात, तर ओसाकाकडे पोटाकडून चिरून थेट भाजतात. सामुराईंच्या शहरात पोट चिरणे अशुभ वाटे म्हणून असे झाले, असे तेथे सांगतात.

प्रश्न : बाजारातून फिरत फिरत खाल्ले तर चालते का? नकळत कोणाचा अपमान होऊ नये म्हणून काय सांभाळावे? (एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : क्योतोचा निशिकी बाजार सुमारे ३९० मीटरची अरुंद गल्ली आहे आणि चालत खाऊ नये अशी विनंती तेथे लिहिलेली असते; ज्या दुकानातून घेतले त्याच दुकानासमोर उभे राहून खावे आणि काडी, कागद तेथेच परत द्यावा, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतात. संध्याकाळी दुकाने लवकर मिटतात, म्हणून दुपारीच जावे. संध्याकाळ मोठ्या दुकानांच्या तळघरातील खाद्यविभागासाठी ठेवावी, बंद होण्याच्या आधी तेथे जेवणाचे डबे स्वस्त होतात. शिंकान्सेनमध्ये डबा उघडून जेवणे रीतीला धरून आहे, शहरातल्या लोकलमध्ये मात्र नाही. बक्षिशी देऊ नये. ओसाकातील शिन्सेकाई भागात कुशिकात्सू, म्हणजे काडीला लावून तळलेले तुकडे, खाताना भांड्यात सगळ्यांसाठी एकच सॉस असेल तर तुकडा एकदाच बुडवावा. उष्ट्याचा हा नियम आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही.

खरी काळजी काड्यांची घ्यावी. भातात काड्या उभ्या रोवू नयेत, कारण तसा भात मृताजवळ ठेवतात. आपल्याकडच्या पिंडाचा भात आठवला की यातला धक्का समजेल. त्याचप्रमाणे एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. अग्निसंस्कारानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी वेचून याच प्रकारे एकमेकांकडे देतात. सोबतच्या माणसाला काही चाखायला द्यायचे असेल तर तो तुकडा त्याच्या बशीत ठेवावा आणि त्याने तेथून उचलावा.