मिरीच्या परागकणावर एकच खाच? तुमची स्लाइड बरोबर आहे

"मिरी द्विदल, मग कणावर तीन खाचा हव्यात. मला एकच दिसते. दापोलीतल्या आमच्या वाडीतलेच घोस आहेत. स्लाइड बिघडली का?" असं तुम्ही विचारलंय. नाही, बिघडलेली नाही. मिरीच्या कणाला एकच खाच असते (खाच म्हणजे कणाच्या कवचातली लांबट, पातळ चीर).

बेंथम-हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या वर्गीकरणात मिरी, जायफळ, दालचिनी, आंबा, काजू सगळी द्विदलांतच. पानांत शिरांचं जाळं, मग शंका कुठून येणार? परागकण मात्र वेगळी वाटणी करतात. आंबा-काजूच्या कणावर तीन खाचा असतात. ही ठेवण सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून दिसू लागते, आणि ती ज्या घराण्यात आली त्या घराण्याचा पूर्वज एकच. डीएनएनेही हेच दाखवलं, आणि १९९८ च्या एपीजी वर्गीकरणात (सपुष्प वनस्पतींची डीएनएवर आधारलेली मांडणी) हा गट वेगळा मांडला गेला. मिरी-जायफळ त्यात बसत नाहीत. ती सोनचाफ्याच्या गोतातली.

इथे एक घाई टाळा. माड आणि पोफळीच्या कणावरही एकच खाच असते. म्हणून मिरवेल पोफळीची सख्खी ठरत नाही, भले ती तिच्याच खोडावर चढलेली असो. एक खाच हा फार जुना वारसा आहे, तो अनेकांकडे उरला. नवीन गुण वाटून घेतला असेल तरच जवळचं नातं म्हणता येतं. माझ्या मते परागकणांवरून वर्गीकरण करताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उलट बाजूही बघा: जास्वंद त्या तीन खाचांच्याच घराण्यातली, पण तिच्या काटेरी कणावर तीन खाचांऐवजी पुष्कळ छिद्रं.

मिरीचा कण जेमतेम १० मायक्रॉनचा, म्हणून तेलाचं १००एक्स भिंग लावा. कण पालथा पडला असेल तर खाच दिसतच नाही. ग्लिसरीन जेली पातळ असतानाच कव्हरस्लिपवर सुईने हलकं टिचकवा, कण लोळतो आणि चारी बाजूंनी बघता येतो.

दालचिनी घेणार असाल तर ॲसिटोलिसिस, म्हणजे आम्लाने कण साफ करून फक्त कवच ठेवण्याची पद्धत, करू नका. तिच्या कणाचं बाहेरचं कवच इतकं पातळ की आम्लात काहीच उरत नाही. बाकीच्यांसाठी ९ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड, १ भाग सल्फ्युरिक आम्ल. हे मिश्रण पाणी लागताच उसळतं, तेव्हा घरी नको. कॉलेजच्या फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), सर समोर असतानाच करा.