लेकीचा चिअरलीडिंगचा सीझन अर्ध्यावर असताना टेक्सासला येताय, तर…

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की मिस्टरांची एल-वनवर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) डॅलसला बदली झालीये, फेब्रुवारीत जॉइन व्हायचंय. लेक यिअर सेव्हनला आहे, इंग्लंडात रेडिंगच्या चिअर जिममध्ये लेव्हल ३ च्या टीमची फ्लायर (स्टंटमध्ये वर उचलली जाणारी मुलगी) आहे. आणि इकडे डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या एका जिमने तिचा व्हिडिओ बघून "लगेच ये, जागा आहे" असं कळवलंय. तर अर्ध्या सीझनमध्ये जिम बदलायची, का तुम्ही दोघींनी जुलैपर्यंत तिकडेच थांबायचं?

मी म्हणेन दोन्ही नको. सगळे एकत्र या, पण आल्या आल्या टीममध्ये घालू नका.

आधी थांबण्याचं बघू, कारण त्याचा हिशोब सोपा आहे. तिकडचा सीझन पार उन्हाळ्यापर्यंत लांबतो, इकडे तो मेमध्ये संपतो. एप्रिलअखेरीला ऑरलँडोला वर्ल्ड्स, मेच्या सुरुवातीला तिथेच समिट, या दोन सीझनअखेरच्या मोठ्या स्पर्धा, आणि त्या संपतायत न संपतायत तोच पुढच्या वर्षाचे ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या. जूनपर्यंत टीम बनलेल्या असतात, जुलै-ऑगस्टमध्ये कोरिओग्राफी बसते. म्हणजे लेकीला तिकडचा सीझन पूर्ण करू दिला आणि जुलैअखेर आलात, तर इकडचा अख्खा पुढचा सीझन उरलेल्या जागांवर काढावा लागेल. शिवाय नवरा इकडे एकटा, तुम्ही तिकडे भाड्याच्या घरात, दोन संसारांचा खर्च, तो वेगळाच.

आता "जागा आहे" म्हणजे काय ते नीट समजून घ्या. फेब्रुवारी-मार्च म्हणजे एनसीए नॅशनल्स या मोठ्या स्पर्धेचे दिवस, रुटीन पक्कं झालेलं असतं, अडीच मिनिटांत कोण कुठल्या काउंटला (तालाच्या मोजणीला) कुठे हे ठरलेलं. अशा वेळी जागा रिकामी होते ती कोणाला दुखापत झाली म्हणून नाहीतर कोणी सोडून गेलं म्हणून. तुमच्या लेकीला त्या मुलीच्या जागी उभं करणार, तिचेच काउंट, तिचाच स्टंट ग्रुप, आणि खालच्या तिघींचा हिच्यावर भरवसा बसायला वेळ कुठेय? फ्लायर म्हणजे वरचीच मुलगी असं आपल्याला वाटतं पण खरं काम खालून उचलणाऱ्या दोन बेस आणि मागून आधार देणाऱ्या बॅकस्पॉटचं असतं, फ्लायरचा पाय त्यांच्या हातात नेमका कसा बसतो, ती किती घट्ट उभी राहते, कधी श्वास सोडते, हे त्यांना सवयीने कळतं.

माझ्या मुलीच्या टीममधून मागे एक बेस जानेवारीत दुसऱ्या जिमला गेली (जिमचं नाव घेत नाही). एक मुलगी गेली म्हणून चौघींचा ग्रुप मोडला, त्यात दुसऱ्या टीममधली क्रॉसओव्हर (दोन्ही टीममध्ये खेळणारी मुलगी) आणून बसवली, तरी पिरॅमिड बदलावा लागला. आम्ही आयाबाया काचेमागच्या बाकावर बसून बघायचो, कोच फाइव्ह सिक्स सेव्हन एट ओरडतेय, लिब (फ्लायर एका पायावर उभी राहते तो स्टंट) गुडघ्यापर्यंत जाऊन परत खाली येतंय, आणि प्रत्येक वेळी ती नवी मुलगी सॉरी सॉरी म्हणतेय. बिचारीचा काय दोष! तुमच्या लेकीच्या वाट्याला आल्या आल्या ते यायला नको असं मला मनापासून वाटतं, नवीन देश नवीन शाळा आधीच पुरेसं असतं बारा वर्षांच्या पोरीला.

आणि पैसे. दोन-तीन महिन्यांसाठी पूर्ण युनिफॉर्म घ्यावा लागतो (तोच काहीशे डॉलर्सचा, पुढच्या वर्षी जिम बदलली की कपाटात), वर कॉम्पिटिशन फी, टीमला समिटचं बिड (तिथे खेळायचं आमंत्रण) मिळालेलं असेल तर ऑरलँडोचं विमान-हॉटेल. कॉन्ट्रॅक्टमध्ये मध्येच सोडल्यास किती भरायचं ते बारीक अक्षरात असतं, आणि कार्ड ऑटोपेला लावलेलं असतं. सहीच्या आधी ते पान वाचा.

मग फेब्रुवारी ते मे करायचं काय, तर टंबलिंग (कोलांट्यांचा) क्लास आणि ओपन जिम, म्हणजे टीमशिवाय मोकळा सराव. फ्रिस्को-प्लेनो भागात जिम भरपूर आहेत, दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, कोच पडलेल्या मुलीशी कसं बोलते तेवढं बघितलं तरी कळतं. इकडे टंबलिंग फार बघतात, लेव्हल ३ म्हणजे धावत येऊन टक (हात न टेकता मागे कोलांटी) स्वच्छ हवा, तो डगमगत असेल तर ट्रायआउटला लेव्हल २ मध्ये टाकतील, त्यात कमीपणा काही नाही. अजून एक गोष्ट लेकीला आत्ताच सांगून ठेवा, की इकडे कदाचित तिला बेस करायला सांगतील. या वयात मुली ताडमाड वाढतात आणि तिच्याहून लहान चणीच्या मुली रांगेत असतात. विमानात बसायच्या आधी हे बोलणं झालेलं बरं.

शाळेचं चिअर वेगळं हं. यिअर सेव्हन म्हणजे इकडची सहावी, आणि मिडल स्कूलचे ट्रायआउट साधारण वसंतात पुढच्या इयत्तेसाठी होतात, म्हणजे तुम्ही अगदी वेळेत पोचताय. जिमपेक्षा स्वस्त, आणि वर्गात मैत्रिणी पटकन होतात. घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते बघून मगच लीज करा.

अपवाद एकच. इकडच्या टीमला बिड नसेल, पुढे स्थानिक एक-दोनच कॉम्पिटिशन राहिल्या असतील, आणि लेक स्वतःच हट्ट धरून बसली असेल तर घाला. तेही आधी आठवडाभर प्रॅक्टिसला बसवून.

रेडिंगच्या कोचला मात्र आजच सांगा. व्हिसा हातात येऊ दे मग बघू असं करू नका. एखादी कॉम्पिटिशन ठरवून घ्या, त्यानंतर ती निघणार असं, म्हणजे त्यांना दुसरी फ्लायर तयार करायला वेळ मिळेल आणि लेकीलाही मैत्रिणींचा निरोप नीट घेता येईल. थकलेली फी चुकती करून, तिची लेव्हल आणि स्किल लिहिलेला मेल कोचकडून मागून घ्या, इकडे ट्रायआउटला दाखवायला बरा पडतो.

अजून एक, चिअरशी संबंध नसलेलं, पण याच्यावाचून शाळेत ॲडमिशन अडते. टेक्सासला चिकनपॉक्सच्या (कांजिण्यांच्या) लशीचे दोन आणि हिपॅटायटिस ए चे दोन डोस लागतात, आणि तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलांना एनएचएसच्या (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नेहमीच्या लसींच्या वेळापत्रकात यातलं काहीच मिळालेलं नसतं. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर जीपीकडून (तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडून) तसं लेखी घ्या. नसतील तर पहिला डोस याच महिन्यात द्या, दोन डोसमध्ये अंतर ठेवावं लागतं, हिपॅटायटिसचं तर सहा महिन्यांचं आहे.